एका गेअरवर तोरणमाळ

धुळ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. डिसेंबरात सतरा जणांचा गट धुळे, शहादा, तोरणमाळ असा निघाला, तेव्हा मेकॅनिक म्हणून मला बरोबर घेतलं. मेकॅनिकनं सगळ्यांच्या मागून यायचं, म्हणजे कुणाचं काही मोडलं की तो आपसूक तिथं पोचतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना शहादा सोडलं. म्हसावदपर्यंत सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पपई, केळी, ऊस. राणीपूर मागं पडलं आणि सातपुडा अंगावर आला. शहाद्याहून तोरणमाळ पन्नास-पंचावन्न किलोमीटर. चढ जवळजवळ सगळा शेवटच्या टप्प्यात, आणि गाव समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच.

शेवटच्या सायकलीवर अमळनेरच्या निवृत्त शिक्षिका होत्या. वय 59. सगळे त्यांना बाईच म्हणायचे. घाटातल्या एका वळणावर त्यांनी सगळ्यात हलका गेअर टाकला आणि कडकन आवाज आला.

मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग, स्पोकमध्ये घुसला होता. एक स्पोक वाकला होता आणि हँगर दोन तुकडे. डिरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, तो हँगर. फ्रेम वाचावी म्हणून तो मुद्दाम मऊ ॲल्युमिनियमचा करतात. पण प्रत्येक फ्रेमला त्याचा आकार वेगळा लागतो. माझ्या पिशवीत तीन हँगर होते, त्यातला एकही बसेना.

कारण मला तिथंच कळलं. शहाद्याला रात्री सायकली टेम्पोत ठेवल्या, त्यात बाईंची सायकल गेअरच्या बाजूवर आडवी होती. दाबानं हँगर आत वाकला असणार. इतर गेअरवर ते लक्षात येत नाही, सगळ्यात मोठ्या चक्रीवर चेन गेली की डिरेलर थेट चाकात. सकाळी मी हवा पाहिली, ब्रेक पाहिले, मागं उभं राहून हँगर पाहिला नाही. ते माझं काम होतं.

टेम्पो पुढं गेलेला, मोबाइलला रेंज नाही.

"बाई, थांबावं लागेल. टेम्पो येईल शोधत."

"येऊ दे. तोवर तू हात काळे करून बघ ना, भाऊ."

डिरेलर काढून पिशवीत टाकला. आता चेन लहान करून एकाच गेअरवर सायकल चालवायची होती. चेन सरळ रेषेत राहावी म्हणून पुढचा लहान 28 दात्यांचा चक्का घेतला आणि मागं 24 ची चक्री. चेन कटरनं कड्या काढल्या, जोडकडी लावली. पण चेन लोंबायला लागली. या फ्रेममध्ये चाक मागं ओढायला जागा नसते, त्यामुळं ताण चेनची लांबी आणि चक्री जुळवूनच मिळवावा लागतो. मग तीच चेन मागच्या 28 वर चढवली. चार दात्यांच्या फरकानं ती नेमकी ताणली गेली. त्या क्षणी झालेला आनंद मला अजून आठवतो.

पुढं 28, मागं 28. पॅडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. वाकलेला स्पोक हातानं जमेल तेवढा सरळ केला. दोनदा चेन मोठ्या चक्रीवर चढायला निघाली, तेव्हा बाईंना सांगितलं, पाय झटक्यानं मारू नका, गोल फिरवा. पुढं त्यांनी एकदाही झटका दिला नाही. सातपायरीच्या उभ्या वळणांवर आम्ही दोघं सायकली ढकलत चाललो, बाकी सगळा चढ त्या बसूनच चढल्या. मध्ये टेम्पो परत आला. बाईंनी त्यातून पाण्याची बाटली तेवढी घेतली.

यशवंत तलावाशी पोचलो तेव्हा ऊन पाण्यावरून गेलं होतं. भाकरी, ठेचा, वांग्याची भाजी असं जेवण झालं. मग मी टॉर्च घेऊन उरलेल्या सोळा सायकलींच्या मागं एकेक करून बसलो. दोन हँगर आत वाकलेले निघाले. ते सरळ करूनच झोपलो.