मांजरसुंबा घाटात दोन डिझेल

नवी गाडी घ्यायची म्हणून आज बीडहून मांजरसुंब्याला दोनदा चक्कर झाली. आधी दादाची स्कॉर्पिओ-एन, मग भाऊजींची क्रेटा. दोन्ही डिझेल, मॅन्युअल. स्कॉर्पिओचं इंजिन २.२ लिटरचं, टॉर्क, म्हणजे चाकं फिरवायचा जोर, ३७० न्यूटन-मीटर. पाच माणसं बसवून घाट तिसऱ्या गिअरवर दणक्यात चढली. क्रेटा १.५ लिटर, टॉर्क २५०. गिअर जास्त बदलावे लागले, पण इंजिन इतकं शांत की मागं झोपलेली भाची उठली नाही. स्टिअरिंगही हलकं, म्हणाल तिथं वळते. स्कॉर्पिओ लॅडर फ्रेमवरची, म्हणजे शिडीसारख्या मजबूत सांगाड्यावर बसवलेली, उंच, वळणात अंग टाकते. तरी पावसाळ्यात शेताच्या काळ्या चिखलात जायचंय, म्हणून मन तिच्यावरच बसलं. दादा म्हणाला, आधी सर्व्हिस सेंटर किती लांब ते बघ. जुन्या गाडीच्या एका सेन्सरसाठी अकरा दिवस थांबलोय.