तुम्ही विचारलंत म्हणून: तारे दाखवताना पुराण कशाला?

पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर किंवा कुणाच्या गच्चीवर आकाश दाखवायला उभा राहिलो की रात्रीत एकदा तरी हा प्रश्न येतो. पोरं दुर्बिणीभोवती गर्दी करून असतात, तेवढ्यात एखादे वडील मला बाजूला घेतात. "सर, एवढं विज्ञान सांगताय, मग मध्येच हे दक्ष, रोहिणी, अगस्ती कशाला? पोरं उगाच अंधश्रद्ध व्हायची." प्रश्न रास्त आहे. अंधारात, थंडीत, रांग सांभाळत त्याचं उत्तर नीट देता येत नाही, म्हणून इथं देतो.

मृगापासूनच सुरू करू, कारण मीही पोरांना तिथूनच सुरुवात करून देतो. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास मृग चांगला वर आलेला असतो. चार कोपऱ्यांवरचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, आणि मधोमध एका ओळीत टेकलेले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण. बाण कुणी मारला? त्या तिघांची रेघ आग्नेयेकडे वाढवा, सरळ व्याधावर जाऊन पोचते. रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा. आता तीच रेघ उलट्या बाजूला न्या. आधी तांबूस रोहिणी लागते, आणि आणखी पुढं गेलात की कृत्तिकांचा झुबका. एका रेघेत चार ठिकाणं सापडली, आणि ती पोरं विसरणार नाहीत, कारण त्यांना बाण लक्षात राहतो. नुसतं "तीन तारे दिसले की डावीकडे खाली बघा" असं सांगितलेलं घरी जाईपर्यंतसुद्धा टिकत नाही.

ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातली मूळ गोष्ट मात्र हरणाच्या शिकारीची नाही. प्रजापती हरीण होऊन स्वतःच्या मुलीमागं लागला, ती रोहिणी झाली आणि रुद्रानं त्याला बाणानं विंधलं, अशी ती आहे. मुलांना मी ती सांगत नाही, मोठ्यांना सांगतो. एकदा ती ऐकली की पूर्वेकडं लक्ष ठेवून बसा. आधी रोहिणी उगवते, तिच्यामागं मृग, मृगामागं व्याध. रात्रभर याच क्रमानं तिघं पश्चिमेला सरकतात. पाठलाग कुणी कल्पनेनं रचलेला नाही, बघून रचला आहे.

विज्ञानाचं म्हणाल तर ते याच जागी सांगायला सोपं जातं. व्याध आपल्यापासून साडेआठ प्रकाशवर्षांवर, रोहिणी पासष्ट, कृत्तिका चारशेच्या वर. बाण मारणारा आणि पळणारी यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, हे ऐकल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. आधी गोष्ट ऐकलेली असते म्हणून ते अंतर त्यांना बोचतं. आधी आकडे सांगितले तर कुणाला काही वाटत नाही.

हीच रोहिणी चंद्राची लाडकी. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिलेल्या, आणि हा पठ्ठ्या एकीच्याच घरी मुक्कामाला. बाकीच्या बापाकडं गेल्या, दक्षानं शाप दिला आणि चंद्राला क्षय लागला. शाप पुढं सौम्य झाला तो असा की पंधरा दिवस झिजायचं आणि पंधरा दिवस भरायचं. सत्तावीसच का, तर चंद्राला ताऱ्यांमधून एक फेरी मारायला सव्वासत्तावीस दिवसांहून किंचित जास्त लागतात. आणि रोहिणीच का, तर ती चंद्राच्या वाटेवरच बसली आहे. काही वर्षं अशी येतात की चंद्र दर फेरीला तिला चक्क झाकतो. २०१५ ते २०१८ या काळात तो सिलसिला चालू होता, पृथ्वीवर कुठून ना कुठून हे पिधान, म्हणजे झाकणं, दिसत होतं.

दक्षाचा दुसरा जावई म्हणजे शंकर, आणि त्याची गोष्ट आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात दगडात उभी आहे. शिरोळ तालुक्यातल्या खिद्रापूरचं कोपेश्वर. दक्षाच्या यज्ञात सतीनं देह टाकला, शंकर कोपला, विष्णूनं समजूत काढली. गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी विष्णूचं धोपेश्वर आहे, नंदी नाही. तो पलीकडं कर्नाटकात यडूरला. शिलाहार राजांच्या काळातलं हे देऊळ. समोरच्या स्वर्गमंडपाला ४८ खांब आणि वर मधोमध गोल मोकळं आकाश. (प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीतले तारकासमूहही ४८. योगायोग आहे, कृपया कुणी पुढं ढकलू नका.)

कार्तिकी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास या गोलात चंद्र येतो, म्हणून तिथं गर्दी होते. येतो कसा? कार्तिक महिन्याचं नावच कृत्तिकांवरून पडलंय. त्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो, आणि आकाशाचा तो पट्टा आपल्या अक्षांशावर जवळजवळ डोक्यावरून जातो. म्हणजे सासऱ्यावर कोपलेल्या जावयाच्या मंडपात उभं राहायचं आणि त्याच सासऱ्याचा दुसरा जावई वरून, सासऱ्याच्याच एका मुलीच्या घरातून, डोकावताना बघायचा. हे कुणी ठरवून बांधलं असं मी म्हणत नाही. पण ही गोष्ट ज्याला माहीत नाही त्याला तिथं फक्त भोकातून चंद्र दिसतो, एवढं नक्की. जाल तर साधी दुर्बीण न्या, पूर्ण चंद्राच्या उजेडात कृत्तिका नुसत्या डोळ्यांना हरवतात.

अगस्तीचं थोडक्यात सांगतो. विंध्याला वाकवून दक्षिणेला गेला तो परतलाच नाही, आणि तारा खरंच दक्षिणेतच राहतो. कोल्हापुरातून क्षितिजापासून वीसेक अंशांच्या वर कधी येत नाही. समुद्र प्यायला हेही त्याच्याच नावावर, आणि अगस्ती उगवला की पाणी निवळतं असा जुना समज. आपल्याकडं तो पहाटे पहिल्यांदा दिसण्याजोगा होतो ऑगस्टच्या उत्तरार्धात. पंचगंगेचं पाणी कधी चढतं आणि कधी उतरतं ते कोल्हापूरकराला वेगळं सांगायला नको. २०१९ चा पूर ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातला. तारा पाणी निवळवत नाही, पाऊस ओसरायला लागतो तेव्हा तारा उगवतो. पंचांग छापलेलं नसताना हे ठाऊक असणं काही लहान गोष्ट नव्हती. शेतकरी अजूनही पाऊस नक्षत्रांनीच मोजतो: तरणा, म्हातारा, सासूंचा, सुनांचा. पडतील मघा तर… पुढचं चुलीचं तुम्हाला पाठ असेलच. गंमत अशी की मृगाचा पाऊस पडतो तेव्हा मृग रात्री दिसतच नाही, कारण सूर्यच त्या भागात जाऊन बसलेला असतो.

अंधश्रद्धेचं विचारलंत, तर माझी हद्द मला माहीत आहे. गोष्ट ताऱ्याबद्दल असेल तोवर मी सांगतो. ती तुमच्याबद्दल बोलायला लागली की गप्प बसत नाही. मे-जूनमध्ये वृश्चिकाची वाकडी शेपटी दाखवली की गर्दीतून हमखास कुणीतरी कुजबुजतं, नांगीतलं ते मूळ नक्षत्र ना, त्यावरची मुलगी सासऱ्याला वाईट? तेव्हा मी मोठ्यानं सांगतो, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की तो तारा शेकडो प्रकाशवर्षांवर आहे आणि आज दिसणारा त्याचा उजेड निघाला तेव्हा तुमच्या सासऱ्यांचे खापरपणजोबाही जन्मले नव्हते. या एका नक्षत्रापायी मोडलेली स्थळं मी पाहिली आहेत. त्या बापांना आकाशातला विंचू कुणी कधी दाखवलेला नव्हता, पत्रिकेतला अक्षरी "मूळ" तेवढा ठाऊक. शेपटीकडं बोट करून दाखवलं की निम्मी भीती तिथंच जाते, हा माझा अनुभव.

ग्रीक गोष्टी सांगतो का, हे त्याच्या मागोमाग येतंच. सांगतो. या विंचवानंच त्यांचा शिकारी ओरायन मारला, म्हणून एक उगवला की दुसरा मावळतो. ओरायन म्हणजे आपलाच मृग. आपल्याकडं जे हरीण, ते त्यांच्याकडं शिकारी. पोरांना हे फार आवडतं आणि मग ती स्वतःचे आकार काढायला लागतात. मागं एकानं सप्तर्षीत ऊसतोडीचा कोयता काढला, तो मला इंग्रज त्यात बघतात त्या नांगरापेक्षा जास्त पटला.

तुम्हाला स्वतःला बघायचं असेल तर त्रिशंकू बघा. दिल्लीवाल्यांना तो पुरता दिसत नाही, तळाचा तारा त्यांच्या क्षितिजावर येतच नाही. मे महिन्यात वळीव पडून हवा धुतली गेली की रात्री नऊ-दहाच्या सुमारास, दक्षिण मोकळी असेल अशा जागी उभे राहा. क्षितिजापासून वीतभर वर चार ताऱ्यांचा तिरपा पतंग दिसेल. सदेह स्वर्गात निघालेला राजा, इंद्रानं ढकलला, विश्वामित्रानं अधांतरी थोपवला, डोकं खाली. तळाचा तारा चौघांत सगळ्यात तेजस्वी आहे. ते त्याचं डोकं, असं मी सांगतो. ही भर माझी.