एका 'के'च्या जागी तीन अक्षरे

बास्केटबॉल खेळून पोट भरता येते का, असे मैदानावरच्या मुली मला विचारतात, तेव्हा उंचीविषयी किंवा उडीविषयी बोलण्याआधी मी त्यांचा जन्मदाखला बघायला मागते. त्या हसतात. त्यांच्या वयात मीही हसले असते. पण मला नोकरी मिळायला जे एक वर्ष उशीर झाला, तो गुडघ्यामुळे झाला नाही आणि निवड समितीमुळेही झाला नाही. माझ्या आडनावात 'के' या एका अक्षराच्या जागी 'क्यू', 'यू' आणि 'ई' अशी तीन अक्षरे लिहिली गेली होती, एवढ्यावरून तो झाला.

खेळाचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो सुरळीत पार पडला. आमच्या शाळेचे मैदान सिमेंटचे होते आणि गोव्यातला पाऊस जून ते सप्टेंबर त्याच्यावर शेवाळ चढवत असे. त्यामुळे ते चार महिने सर आम्हाला शाळेच्या व्हरांड्यात केवळ ड्रिबल करायला लावत. आज माझा डावा हात चांगला चालतो तो त्या व्हरांड्यामुळे. पुढे तालुका, जिल्हा, राज्य निवड चाचणी, अठरा वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा आणि नंतर वरिष्ठ गट, असा नेहमीचा क्रम झाला. मी 5 फूट 7 इंच उंच आहे. गोव्याच्या संघात मला उंच म्हणत. पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत केरळच्या मुलींशेजारी राष्ट्रगीताला उभी राहिले, तेव्हा आपण गार्डच, म्हणजे चेंडू पुढे नेणाऱ्या बुटक्या खेळाडूंपैकीच आहोत हे मला कळले.

व्यावसायिक खेळाडू या शब्दाचा अर्थ आपल्याकडे नीट समजून घ्यायला हवा. सतनामसिंग भामराला 2015 साली डॅलसच्या संघाने एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 52व्या क्रमांकावर निवडले, ती बातमी आमच्या शाळेच्या फलकावर लावली होती आणि त्यानंतर कित्येक मुलांना तोच एक मार्ग आहे असे वाटू लागले. त्या ड्राफ्टमध्ये साऱ्या जगातून मिळून 60 जण निवडले गेले. आपल्याकडे 2015 मध्ये यूबीए ही व्यावसायिक लीग सुरू झाली आणि 2017 नंतर थांबली. 2022 मध्ये इंडियन नॅशनल बास्केटबॉल लीग सहा शहरांच्या पुरुष संघांसह सुरू झाली, त्यात गोव्याचा संघ नव्हता. मुलींसाठी तर दीर्घकाळ टिकलेला मार्ग एकच आहे, आणि तो म्हणजे खेळाडू कोट्यातून रेल्वेत किंवा एखाद्या केंद्रीय खात्यात नोकरी. गीतू अ‍ॅना जोस ऑस्ट्रेलियातल्या क्लबकडून खेळली, पण तीही दक्षिण रेल्वेची होती. अनिता पॉलदुराईला 2021 साली पद्मश्री मिळाली, तीही रेल्वेचीच. महिना अखेरीस पगार, वर्षभर सराव आणि खात्याच्या संघातून स्पर्धा, याला आपल्याकडे व्यावसायिक बास्केटबॉल म्हणतात. त्यात कमीपणा वाटण्यासारखे काही आहे असे मला वाटत नाही.

या नोकरीसाठी जी जाहिरात निघते तिच्यात गुणांची विभागणी दिलेली असते, ती खेळाडू सहसा वाचत नाहीत. रेल्वेत चाचणीला 40 गुण असतात, मागच्या कामगिरीला 50 आणि शिक्षणाला 10. चाचणीत 40 पैकी 25 मिळाले नाहीत तर पुढचे काही मोजलेच जात नाही. कामगिरी मोजताना चालू आर्थिक वर्ष आणि त्याआधीची दोन वर्षे धरली जातात. ज्या खात्यासाठी मी अर्ज केला तिथेही अशीच मुदत होती. म्हणजे तुम्ही खेळलेली स्पर्धा कागदावर दह्यासारखी असते. ताजी असते तोवर तिचा उपयोग. माझे सगळे दुःख या वाक्यात आहे, म्हणून ते आधीच सांगून ठेवले.

चाचणी मी पार केली. एकामागून एक ले-अप, म्हणजे धावत जाऊन बास्केटजवळून टाकायचे चेंडू, मग तीन गुणांच्या रेषेबाहेरून शूटिंग, मग पाच-पाच जणींचा खेळ, आणि संध्याकाळी यादीत नाव. दुसऱ्या दिवशी कागदपत्रांची पडताळणी होती. माझ्यापुढच्या मुलीला चार मिनिटे लागली. माझे कागद टेबलावरच्या बाईंनी दोनदा चाळले, मग शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र आणि 'फॉर्म दोन' नावाचा कागद शेजारी शेजारी ठेवले आणि दोन्हींवर एक एक बोट टेकवून मला विचारले, "यांतल्या तुम्ही कोणत्या?"

फॉर्म दोन म्हणजे राज्य संघटनेच्या सचिवांनी सही करून द्यायचे प्रमाणपत्र. अमुक खेळाडू अमुक राष्ट्रीय स्पर्धेत राज्याकडून खेळली, हे त्यात असते. (देशाकडून खेळलेल्यांसाठी फॉर्म एक, विद्यापीठासाठी तीन, शालेय राष्ट्रीय स्पर्धांसाठी चार. मुली हे क्रमांक हटकून उलटसुलट करतात आणि विद्यापीठाच्या स्पर्धेचा कागद घेऊन फॉर्म दोनवर सही मागायला जातात.) हे प्रमाणपत्र कार्यालयातल्या नोंदींच्या आधारे दिले आहे, असे वाक्य त्याच्यावर छापलेलेच असते. वयोगटाच्या स्पर्धेची प्रवेशिका जन्मदाखल्यावरून भरली जाते. माझ्या जन्मदाखल्यावर रोमन लिपीत आडनाव 'एन-ए-आय-क्यू-यू-ई' असे होते. शाळेत, आधारवर आणि मंडळाच्या प्रमाणपत्रावर मात्र साधे 'एन-ए-आय-के'. त्यामुळे राष्ट्रीय स्पर्धा एका मुलीने खेळली होती आणि दहावी दुसरीच मुलगी उत्तीर्ण झाली होती.

हे स्पेलिंग आले कुठून, ते गोव्यातल्या वाचकांना सांगायला नको. पोर्तुगीजांच्या वर्णमालेत 'के' रूढ नव्हता, म्हणून नाईकांच्या शेवटी क्यू-यू-ई आले. माझ्या बाबांचा जन्म 1961च्या आधीचा आणि त्यांची नोंद पोर्तुगिजांच्या वहीत झालेली. माझ्या जन्माच्या वेळी बाबांनी पुरावा म्हणून तोच कागद पुढे केला आणि लिहिणाऱ्याने त्यावरचे आडनाव जसेच्या तसे उतरवून घेतले. मी मराठी माध्यमात शिकले. देवनागरीत दोन्ही नाईकच, त्यामुळे घरात कोणाच्या हे कधी लक्षातही आले नाही.

पडताळणीच्या बाईंनी मला पंधरा दिवस दिले. त्या चांगल्या वागल्या, हे नमूद करते. मी नोटरीकडून दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घेतले, पण ते पुरेसे नाही, मूळ नोंदच दुरुस्त करून आणा, असे मला सांगण्यात आले. संघटनेच्या सचिवांकडे गेले तर त्यांनी फॉर्म तासाभरात नव्याने लिहून द्यायची तयारी दाखवली, मात्र आधी जन्मदाखला बदलून आण म्हणाले. त्यांचेही बरोबरच होते. नोंदींच्या आधारे दिले असे छापलेल्या कागदावर नोंदीत नसलेले स्पेलिंग ते कसे लिहिणार?

म्हणून मी नोंदणी कार्यालयात गेले. तालुक्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही. लाकडी बाक, भिंतीवर बंद पडलेले घड्याळ, आणि खिडकीपलीकडे एक गृहस्थ, ज्यांनी माझा अर्ज वाचण्यापूर्वीच सांगितले, "साहेब आयज ना. फाल्यां यो गो."

'फाल्यां' म्हणजे उद्या. ते उद्या पाच वेळा आले. आमच्या खेळात चेंडू मिळाल्यावर आठ सेकंदांत मध्यरेषा ओलांडली नाही तर ताबा जातो. त्या बाकावर बसून मी असल्या हिशेबांखेरीज दुसरे काही करत नव्हते. सहाव्या खेपेला साहेब होते. त्यांनी अर्ज वाचला आणि तो परत माझ्या दिशेने सरकवला. ही दुरुस्ती नाही, आडनावाचा बदल आहे, त्यासाठी 1990चा नाव व आडनाव बदलाचा कायदा आहे, त्याखाली वेगळा अर्ज करा, असे त्यांचे म्हणणे पडले. मी म्हटले, माझे आडनाव बदलत नाही, ते नाईकच होते आणि नाईकच राहणार आहे. ते म्हणाले, अक्षरे बदलतात की नाही? खिडकीतल्या गृहस्थांनी मागून री ओढली, "ही दुरुस्ती न्हय, हो बदल."

त्या दिवशी मी बाहेर येऊन कदंब बसच्या थांब्यावर रडले. पंधरा दिवसांतले बारा संपले होते. तीन दिवसांनी माझी निवड रद्द झाली, आणि प्रतीक्षा यादीतली पहिली मुलगी माझ्या जागी गेली. तिचा काही दोष नव्हता. ती आज माझ्याच संघात आहे आणि रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला चेंडू, माझ्यापेक्षा चांगला घेते.

पुढचे चार महिने मी रागाच्या भरात काढले, आणि रागाचा एक फायदा असा झाला की मी कायदा वाचला. जन्म-मृत्यू नोंदणीचा 1969चा कायदा आहे. त्याच्या कलम 15 प्रमाणे नोंदीत चूक असेल तर निबंधक ती दुरुस्त करू शकतात. मूळ नोंद खोडायची नसते, समासात योग्य ती नोंद करून तिच्याखाली सही आणि तारीख घालायची असते. लेखनाची चूक असेल तर निबंधकांनी स्वतः खात्री करून घ्यावी, आणि मजकुरातलीच चूक असेल तर वस्तुस्थिती माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे निवेदन घ्यावे, अशी त्यामागची पद्धत आहे. मी आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक आणि शेजारच्या काकू यांची निवेदने घेतली, शाळेच्या दाखल्यापासून आधारपर्यंतचे कागद तारखांच्या क्रमाने लावले, बाबांच्या पोर्तुगीज नोंदीची प्रत जोडली आणि अर्जाच्या पहिल्याच ओळीत कलम 15 असे लिहून खाली रेघ ओढली. पहिल्या अर्जात मी 'नाव बदलून मिळण्याबाबत' असा विषय लिहिला होता. 'बदल' हा शब्द मीच त्यांच्या हातात दिला होता, हे मला तेव्हा उमगले. विषयात 'नोंदीतील चूक दुरुस्त करण्याबाबत' असेच लिहावे.

आणखी एक. पहिल्या पाच खेपांची माझ्याकडे काहीही पोच नव्हती. अर्ज खिडकीत देऊन नुसते परत येऊ नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी, आणि कोणी 'फाल्यां' म्हटले की ती प्रत पुढे करावी. दुसऱ्या वेळी मी एवढेच केले. त्याच खिडकीतल्या त्याच गृहस्थांनी शिक्का मारला आणि अर्ज आत गेला. यावेळी खुर्चीवर दुसऱ्या बाई होत्या. त्यांनी मोठी वही मागवली, माझे पान काढले आणि वही माझ्याकडे वळवली. निळ्या शाईतले ते टोकदार क्यू मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होते. बाईंनी समासात तांबड्या पेनाने चार ओळी लिहिल्या, सही केली आणि टीपकागद दाबला. सगळे मिळून दहा मिनिटे लागली. मला आनंद व्हायला हवा होता, पण या दहा मिनिटांसाठी माझे वर्ष गेले, हेच डोक्यात घोळत राहिले.

नवा दाखला हातात आला तेव्हा पुढच्या जाहिरातीचे आर्थिक वर्ष सुरू झाले होते आणि माझी चांगली राष्ट्रीय स्पर्धा मुदतीच्या बाहेर गेली होती. म्हणून पुन्हा राज्य संघाची निवड चाचणी दिली, तेविसाव्या वर्षी अठरा-एकोणीसच्या मुलींबरोबर, आणि पुन्हा वरिष्ठ राष्ट्रीय स्पर्धा खेळले. दुसऱ्या पडताळणीत मला तीन मिनिटे लागली. मी घड्याळ लावले होते.

एक सांगायचे राहिले. दाखला दुरुस्त झाला म्हणजे खेळाडू म्हणून झालेली नोंदणी आपोआप दुरुस्त होत नाही. ती स्वतः अर्ज करून बदलून घ्यावी लागते आणि फॉर्म दोन त्यानंतर मागायचा असतो. दोन्हींचा क्रम उलटा केला तर जुन्याच स्पेलिंगचा फॉर्म हातात पडतो. राज्याकडून खेळलेल्या पण पदक नसलेल्या खेळाडूंचा क्रम केंद्रीय खात्यांत पदकवाल्यांच्या नंतर लागतो. गोव्याच्या मुलींकडे पदक क्वचितच असते, तेव्हा निदान कागद तरी सरळ असावेत.

माझी धाकटी बहीण यंदा आठवीत आहे आणि तालुक्याच्या संघात आली आहे. तिच्या दाखल्यावरही क्यू-यू-ई आहे. मागच्या सोमवारी बाबा तिचा अर्ज घेऊन गेले. साहेब नव्हते. पण शिक्का मारलेली प्रत घरी आली आहे आणि आवक क्रमांक मी माझ्या सरावाच्या वहीत लिहून ठेवला आहे.