बर निघेपर्यंत

टोमॅटोची साल आधी दबायची, मग फाटायची. म्हणून सुरी बाजारातल्या एका दुकानात धार लावायला दिली. त्यांनी विजेच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत दोन मिनिटांत परत केली. घरी येऊन पाहिलं तर टोकाजवळचा काठ निळसर! पोलाद निळं पडलं म्हणजे ते 300 अंशांच्या आसपास तापलं आणि तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. आठवडाभरात नेमका तेवढाच भाग बोथट झाला. मला अजून त्याचा राग येतो. चाकावर देणार असाल तर मध्ये मध्ये पाण्यात बुडवतात का, हे आधी विचारा.

मग 1000 आणि 3000 ग्रिटचा (ग्रिटचा आकडा मोठा, तितका दगड बारीक) दुहेरी दगड आणला आणि स्वतःच बसले. कोन 15 अंशांचा ठरवला. माझं पातं 45 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे पाठ दगडापासून साधारण 12 मिलिमीटर वर धरायची. काठाला मार्करने काळं केलं की दगड कुठे लागतोय ते लगेच दिसतं. इथवर काही अडलं नाही.

अडलं ते पुढे. सुरीने वर्तमानपत्राचा कागद सरसर कापला, मी खूश झाले, आणि दुसऱ्या दिवशी टोमॅटोची पुन्हा तीच गत. असं तीनदा झालं. कागदावर विश्वास उरला नाही, म्हणून मोजायचं ठरवलं. धार मोजायची एक पद्धत अशी आहे की ठरावीक धागा तुटायला किती ग्रॅम जोर लागतो ते बघायचं; आकडा जितका कमी, तितकी धार चांगली. ब्रुबाकर मोजपट्टी यावरच चालते. तिच्यावर दाढीचं नवं ब्लेड 50 च्या आसपास येतं. त्या पट्टीचा धागा वेगळा असतो, त्यामुळे माझे आकडे त्या पट्टीवर लावता येत नाहीत, पण माझी सुरी कालच्यापेक्षा बरी की वाईट हे कळतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर छोटी चौकट ठेवली, तिच्यावर शिवणाचा दोरा ताणला आणि सुरी सरळ खाली दाबली. पहिल्यांदा 190. त्याच जागी दुसऱ्यांदा 420!

शेजारचे काका कारखान्यात फिटर होते. आकडे ऐकताच म्हणाले, "अगं, बर काढलीस का?"

तीच काढली नव्हती. एक बाजू घासली की काठावरचं पोलाद पातळ पापुद्र्यासारखं दुसऱ्या बाजूला वळतं, ती बर. ती इतकी पातळ असते की कागद कापते, पण दाब पडताच दुमडते. खरी धार म्हणजे दोन्ही बाजू एका रेषेत मिळणं. त्या रेषेची रुंदी मायक्रॉनच्या आसपास असली तर थोडा जोरही अगदी कमी जागेवर पडतो आणि साल कापली जाते. आपला केस 70 मायक्रॉनच्या घरात असतो, यावरून ती रेषा किती बारीक ते लक्षात येईल.

बर काढण्यात पुढचा रविवार गेला. मी जोरात दाबत होते आणि या बाजूची बर नुसती त्या बाजूला जात होती. काकांनी माझ्या हातावर हात ठेवून दाखवलं: सुरीच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त भार नको, आणि एकदा ही बाजू, एकदा ती. शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून ओढायची. बर राहिली का ते अंगठ्याने पाठीकडून काठाकडे हळूच ओढून बघतात. काठाच्या लांबीने अंगठा कधीच फिरवू नका. टॉर्चच्या उजेडात काठावर चमकणारी रेघ दिसली तर तिथे धार नाही.

संध्याकाळी एकाच जागी तीन आकडे आले: 170, 175, 175. तीन वेळा जवळपास तोच आकडा आल्यावर मला खात्री पटली. टोमॅटोचे काप इतके पातळ झाले की घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवले.

टोकाजवळ मात्र आकडा अजून 300 च्या वर येतो. तो निळा भाग दगडावरच झिजवून काढायचा आहे, रोज थोडा थोडा.