आईच्या पिशवीतली सुई

दिवे घाट चढून सासवडला पोहोचेपर्यंत माझ्या डाव्या टाचेला भला मोठा फोड आला होता. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांबचा टप्पा. राहुटीत टेकले आणि आईने दिलेली कापडी पिशवी उघडली. सुई, स्पिरिटची बाटली, कापूस, चिकटपट्टी. आईला फोन लावला. "सुई स्पिरिटने पूस. फोडाच्या कडेला टोच, पाणी हळूच दाबून काढ, वरची कातडी ओढू नकोस. आणि कुणी दोरा ओवून ठेव म्हणालं तर ऐकू नकोस, पू होतो."

आई ८१ वर्षांची आहे. नीरेच्या अलीकडे एका गावात सरकारी दवाखान्यात तिने ३४ वर्षं नर्सबाई म्हणून काढली. पालखीच्या दिवसांत रजा बंद. पाणी शुद्ध व्हावं म्हणून विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, जुलाब झालेल्यांना ओआरएस पाजायचं, आणि मग रात्री उशिरापर्यंत पायच पाय. मी आणि धाकटा भाऊ औषधांच्या खोक्यांशेजारी झोपायचो. पालखी दारावरून जायची आणि तिला रथ दिसायचा नाही, कारण मांडीवर कुणाचा तरी पाय असायचा.

निवृत्तीनंतर २००३ पासून ती स्वतः चालू लागली. सलग १७ वाऱ्या. मधे बायकांना गोळा करून बद्री-केदार, गिरनार, नर्मदा परिक्रमा; सगळीकडे हीच पिशवी. २०२० मध्ये पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, त्या वर्षी तिची वारी चुकली. त्यानंतर गुडघ्यांनी साथ दिली नाही. यंदा मी रजा टाकली.

नीरा स्नानाच्या दिवशी त्या गावावरून जाताना एक म्हातारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "नर्सबाईंची लेक का गं तू? माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनीच केली." घरातून ठेचा-भाकरी बांधून आणली आणि माझ्या पाया पडली. मीही तिच्या पडले. मला बोलता येईना.

लोणंदला समाजआरतीच्या वेळी आईचाच फोन आला. "चालू ठेव, कानाला लावू नकोस, वर धर." हजारो टाळ वाजत होते. चोपदारांनी दंड वर केला आणि एका क्षणात सगळे थांबले. हरवल्या-सापडल्याची घोषणा संपेपर्यंत फोनमधून आवाज नव्हता. मग आई हळूच म्हणाली, "ऐकलं गं."

वाखरीला भाऊ तिला घेऊन आला. गाडी लांब लावून, हाताला धरून. झाडाखाली परभणीकडच्या एक मावशी तळवा धरून बसल्या होत्या. आई तिथेच खाली बसली, चष्मा लावला, त्यांचा पाय मांडीवर घेतला. मावशी संकोचून पाय मागे ओढू लागल्या. "राहू द्या माउली, मला सवय आहे."

"आई, पालखी निघेल," मी म्हटलं.

"निघू दे. कापूस दे इकडे."

मी तिच्या शेजारी बसले आणि स्पिरिटचं झाकण उघडलं.