रत्नदुर्गावरून समुद्रपक्षी मोजताना : माझा अनुभव

कोकणातले समुद्रपक्षी म्हटलं की बहुतेकांना डिसेंबरात हर्णै किंवा गुहागरच्या वाळूवर बसलेले कुरवांचे, म्हणजे गलचे, थवे आठवतात. ते मुक्कामाला आलेले पक्षी. खरा प्रवास त्याआधी घडतो, ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, आणि तो समुद्रात शिरलेल्या एखाद्या भूशिरावरूनच नीट दिसतो. मी यासाठी रत्नागिरीचा रत्नदुर्ग निवडतो. घोड्याच्या नालेसारखा हा किल्ला तीन बाजूंनी पाण्यात आहे, शहरापासून जवळ आहे आणि मिरकरवाड्याच्या मासेमारी नौकांची ये-जा समोरच चालते. हा शेवटचा मुद्दा सोयीचा आहे तसाच तापदायकही. त्याकडे पुढे येतोच.

बसायची जागा ठरवताना उंचीचा मोह आवरावा. पाण्यापासून डोळ्याची उंची मीटरमध्ये घेऊन तिच्या वर्गमुळाला ३.५७ ने गुणलं की क्षितिजाचं अंतर किलोमीटरमध्ये मिळतं. वाळूवर उभं राहिलं तर जेमतेम ५ किलोमीटर, २५ मीटरवरून सुमारे १८, १०० मीटरवरून ३६. पण सुरयासारखा, म्हणजे टर्नसारखा, पक्षी दोन-तीन किलोमीटरपलीकडे ओळखता येतच नाही, मग ३६ किलोमीटर घेऊन करायचं काय? उंचीचा खरा फायदा दोन लाटांमधली खोलगट जागा दिसण्यात असतो. फार वर गेलं की पक्षी आकाशाच्या पार्श्वभूमीवर न येता पाण्यावर येतो आणि गडद पाठीचा पक्षी गडद पाण्यात विरून जातो. २० ते ३० मीटर मला पुरतात. पाठीशी तटाची भिंत असावी, म्हणजे वाऱ्याने तिपाई हलत नाही. सप्टेंबरात जांभा दगड शेवाळाने निसरडा असतो, तेव्हा बुरुजाच्या कडेपासून दोन पावलं आत बसावं.

आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून असल्यामुळे सकाळी सूर्य पाठीशी राहतो. उजाडल्यापासून साडेदहापर्यंतचा वेळ सोन्याचा. बारानंतर पाणी चमकायला लागतं आणि सगळे पक्षी काळे दिसतात. ऑक्टोबरच्या उन्हात तर दहालाच हवा थरथरू लागते. अशा वेळी दुर्बिणीची ताकद वाढवली तर पक्ष्याबरोबर थरथरही मोठी होते, म्हणून ती कमीच करायची.

दिवस निवडताना तारखेपेक्षा वारा पाहावा. ऑगस्ट-सप्टेंबरात पश्चिमेचा जोरदार वारा एक-दोन दिवस सलग वाहिला, किंवा अरबी समुद्रात कमी दाबाचा पट्टा तयार झाला, तर एरवी खोल समुद्रात राहणारे पक्षी किनाऱ्याकडे ढकलले जातात. सरीच्या मधोमध काहीच दिसत नाही, पण सर सरकल्यावरचा पहिला अर्धा तास चुकवू नये. पावसाने दाबून ठेवलेले पक्षी तेव्हा पुन्हा वाटेला लागतात. मोसमी पाऊस परतला की सकाळी मतलई वारे सुरू होतात, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे, आणि दुपारच्या सुमारास खारे वारे उलटे येतात. मतलईच्या सकाळी खोल समुद्रातले पक्षी विसरावेत. कुरव आणि सुरय दिसतात, तेही दूरवरून.

सामान थोडंच लागतं. ८x४२ ची द्विनेत्री, ६५ ते ८५ मिलिमीटर भिंगाचा स्कोप (तिपाईवर लावून एका डोळ्याने पाहायची दुर्बीण), जड तिपाई, वही, घड्याळ आणि दोन टॅली काउंटर (बटण दाबलं की एकेक आकडा पुढे सरकवणारी मोजणी यंत्रं). स्कोप मी २५ ते ३० पटींवर ठेवतो. ६० पट हा आकडा दुकानात शोभतो. समुद्रावर दृश्याचं वर्तुळ इतकं लहान होतं की लाटेमागे गेलेला पक्षी पुन्हा सापडत नाही. तिपाई बुटकी करून बसून पाहावं आणि मध्ये पिशवी लटकवून तिला वजन द्यावं. क्षितिजरेषा वर्तुळाच्या वरच्या भागात, साधारण वरून एक तृतीयांशावर ठेवायची, म्हणजे वर्तुळाचा मोठा भाग पाणीच असतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत स्कोप हळू फिरवायला दोन-तीन मिनिटं घ्यायची, मग द्विनेत्रीने जवळच्या पाण्यावर एक फेरी. फक्त स्कोपला चिकटून बसलं तर बुरुजाखालून गेलेला पक्षी हमखास निसटतो. दोघं असाल तर एकाने स्कोप आणि दुसऱ्याने द्विनेत्री व वही सांभाळावी. जागा सांगायला घड्याळाचे आकडे वापरतो : समोर नाकासमोर बारा, डावीकडे दहा, उजवीकडे दोन, आणि त्याबरोबर ‘निळ्या होडीच्या पलीकडे’ अशी खूण.

आता नौकांचा प्रश्न. पावसाळी मासेमारीबंदी उठली की ट्रॉलर परतताना खलाशी जाळ्यातली मासळी निवडतात आणि बारीक, टाकाऊ मासे पाण्यात फेकतात. त्यामागे सुरय, ऑक्टोबरनंतर कुरव आणि बारमाही घारी बंदरापर्यंत येतात, मग पुढची नौका गाठायला परत समुद्राकडे वळतात. तेच पक्षी तुमच्यासमोरून चार वेळा जातात. भूशिरावर बसून नुसते आकडे जोडणाऱ्याला हे भलंमोठं स्थलांतर वाटतं आणि तसंच नोंदवलंही जातं.

यावर उपाय म्हणजे दोन काउंटर. उजव्या हातातला उत्तरेकडे जाणाऱ्यांसाठी, डाव्या हातातला दक्षिणेकडे जाणाऱ्यांसाठी. स्कोप एका ठरलेल्या दिशेला रोवून ठेवायचा आणि त्या काल्पनिक रेषेला ओलांडणारा पक्षीच मोजायचा. दर १५ मिनिटांनी आकडे उतरवून काउंटर शून्यावर आणायचे. समजा पाव तासात ६० सुरय दक्षिणेला आणि ५५ उत्तरेला गेले, तर प्रवासाचा आकडा ११५ नसून फार तर ५ आहे. बाकीचे नौकेमागचे. याउलट सगळे एकाच दिशेने, एकाच उंचीवर, पाण्याकडे न पाहता सरळ जात असतील आणि नजरेत ट्रॉलर नसेल तर समजावं की हा प्रवास. म्हणून वहीत वेळ, जात, उत्तर, दक्षिण यांच्याशेजारी एक रकाना ‘दिसणाऱ्या नौका’ असा असतो. त्या रकान्याशिवाय जुनी पानं निरुपयोगी ठरतात. वाऱ्याची दिशा आणि दृश्यमानता दर तासाला पुरते. पाव तासात काहीच गेलं नाही तर शून्य लिहायचं. रिकामी जागा सोडली की महिन्याभराने ती विश्रांती होती की रिकामा समुद्र, हे सांगता येत नाही.

थवा मोजताना दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यात धरावा आणि पूर्ण थव्यावर तो किती वेळा बसतो ते पाहावं.

ओळख पटवताना रंग शेवटी येतो. आधी उडण्याची पद्धत. सुरय हलके, टोकदार पंखांचे, चोच खाली करून उडणारे. कुरव जड आणि संथ. खोल समुद्रातला शियरवॉटर ताठ पंखांनी लाटांना जवळजवळ घासत तिरका होतो, एकदा पाठ दाखवतो, एकदा पोट. फ्लेश-फूटेड शियरवॉटर सगळा गडद आणि फिकट चोचीचा, तर पर्शियन शियरवॉटर लहान, वरून गडद, खालून पांढरा. विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल जेमतेम बुलबुलाएवढा, ढुंगणावर पांढरा पट्टा, पाय शेपटीच्या बाहेर आलेले. किनाऱ्यावरून तो जोराच्या वाऱ्यातच दिसतो.

सप्टेंबरातला ब्रायडल्ड टर्न शिकण्यासारखा आहे. पाठ करडी-तपकिरी, पांढरी भुवई डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, मान आणि पाठ यांच्यामध्ये फिकट पट्टा. तरंगतं लाकूड, थर्माकोल, जाळ्याचा बोया असं काही मिळालं की त्यावर हा बसतो, म्हणून असा कचरा दिसला की स्कोप लावून पाहावाच. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर याची वीण नोंदलेली आहे. त्याच्यासारखाच सूटी टर्न पाठीवर जास्त काळा असतो आणि त्याची भुवई डोळ्यापाशीच संपते. त्याचं पहिल्या वर्षाचं पिल्लू मात्र छातीपर्यंत काळपट तपकिरी आणि वर पांढरे ठिपके असलेलं, ते दुसऱ्या कशात मिसळत नाही. तुरेवाल्या सुरयांत लेसर क्रेस्टेडची चोच नारिंगी, ग्रेटर क्रेस्टेडची हिरवट पिवळी आणि अंगही मोठं. सँडविच टर्नच्या काळ्या चोचीचं पिवळं टोक दूरून दिसत नाही. ते दिसेना म्हणून घाईने गल-बिल्ड टर्न लिहू नये, त्याची चोच आखूड आणि जाड असते. या जाती आधी जवळून शिकाव्यात. त्यासाठी ओहोटीच्या वेळी खाडीच्या मुखाशी, वाळूवर टेकलेल्या थव्यांजवळ तास घालवावा. बुरुजावरून त्या शिकता येत नाहीत.

सुरयांचा थवा अचानक ओरडत वर उठला तर तीन संशयित : समुद्री गरुड, बहिरी ससाणा आणि स्कुआ. स्कुआ एकाच सुरयाच्या मागे लागून त्याला मासा टाकायला लावतो. आर्क्टिक स्कुआ सडपातळ, ससाण्यासारखा. पोमरीन छाती-पोटाने भरलेला, जड. शरदातली पिल्लं मात्र दोन किलोमीटरवरून वेगळी करणं माझ्या मते बहुतेकदा अंदाजपंचे असतं. मी ‘स्कुआ, जात नक्की नाही’ असं लिहून मोकळा होतो.

हा काळ मला आवडतो तो दोन उलट प्रवाहांमुळे. स्कुआ उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून उतरतात, ह्यूग्लिन्स गल उत्तर रशियातून, तपकिरी डोक्याचा कुरव लडाख आणि मध्य आशियातल्या उंच सरोवरांवरून. त्याच वेळी ऑस्ट्रेलियाच्या बाजूला वाढणारा फ्लेश-फूटेड शियरवॉटर आणि अंटार्क्टिकाभोवती वाढणारा विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल दक्षिण गोलार्धातला हिवाळा अरबी समुद्रात काढून विणीसाठी दक्षिणेकडे निघालेले असतात. पहिल्यांसाठी हा काळ विणीचा मोसम संपण्याचा, दुसऱ्यांसाठी सुरू होण्याचा. ऑक्टोबरात मतलईच्या दिवशी पक्षी नसले तरी नजर वर ठेवावी. चतुरांचे लोंढे समुद्राकडे जाताना दिसतात, आणि नोव्हेंबरात अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेला जाणारा अमूर ससाणा दिसण्याचीही शक्यता असते.

स्कोप रोवून समुद्राकडे तासन् तास पाहणाऱ्या माणसाची चौकशी होणारच. किनारी सुरक्षेच्या दृष्टीने ती रास्तही आहे. ओळखपत्र, पक्ष्यांचं पुस्तक आणि वही समोर ठेवावी, विचारणाऱ्याला स्कोपमधून एक पक्षी दाखवावा. गस्ती नौका, दीपगृहाचं आवार आणि बंदराची कामं यांचे फोटो काढू नयेत.

घरी आल्यावर भिंग कोरड्या कापडाने पुसू नये. वाळलेल्या मिठाचे कण काचेवर ओरखडे पाडतात. आधी ब्लोअरने फुंकर, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं मऊ कापड, शेवटी कोरडं. तिपाईचे सांधे गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर एका मोसमात ते घट्ट बसतात. नोंदी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाकताना एका जागेवरची, तासातासाची वेगळी यादी करावी आणि दिशेचे आकडे शेऱ्यात लिहावेत, कारण मुख्य रकान्यात उत्तर-दक्षिण मावत नाही. दोन्ही दिशांची बेरीज तिथे घातली तर तेच पक्षी पुन्हा मोजले जातात. मी दोन्हींपैकी मोठा आकडा घालतो आणि तसं शेऱ्यात सांगतो.

वादळी वाऱ्यानंतर परतताना वाळूवरून एक चक्कर मारावी. थकलेला मास्क्ड बूबी (मोठा, लांब चोचीचा समुद्रपक्षी) किंवा सूटी टर्न भरतीच्या रेषेवर सापडतो. त्याला उचलून लाटांत सोडणं ही सगळ्यात वाईट मदत. बूबीची चोच डोळ्यांवर येते, म्हणून आधी डोक्यावर कापड टाकावं, मग हवेला भोकं पाडलेल्या खोक्यात सावलीत ठेवावं. तोंडात पाणी ओतू नये, मासा कोंबू नये. वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावं. पक्षी मेलेला असेल तर पंखाची लांबी, चोच आणि पाय यांचे पट्टीसह फोटो काढावेत आणि पायात अभ्यासकांनी घातलेली कडी आहे का ते पाहावं. असली तर त्यावरची अक्षरं-आकडे पूर्ण लिहून घ्यावेत, अर्धवट क्रमांकावरून पक्ष्याचा मूळ पत्ता सहसा लागत नाही.