उतरताना आंबेनळी, चढताना वरंधा

सायकलवाल्याला घाटाबद्दल विचारा, तो चढाचंच सांगेल. किती टक्के चढ, किती मिनिटं लागली, गिअर कुठे संपले. मीही इतकी वर्षं तेच सांगत आलो. गेल्या डिसेंबरात पुणे, वाई, महाबळेश्वर, पोलादपूर, महाड, भोर आणि परत पुणे असा तीन दिवसांचा फेरा मारला, तेव्हा पहिल्यांदा उताराची भीती वाटली. महाडला जेवताना भाकरीचा तुकडा मोडायलासुद्धा बोटं वळत नव्हती.

सोबत होता बायकोचा धाकटा भाऊ. गडी बीआरएम करतो, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या लांब पल्ल्याच्या सायकल फेऱ्या. २०० किलोमीटर साडेतेरा तासांच्या आत संपवायचे, ही त्याची रविवारची गंमत. मी बावन्न वर्षांचा. माझा रविवार म्हणजे जुना कात्रज घाट एकदा चढायचा, उतरायचा आणि मिसळ खाऊन घरी यायचं.

पहिल्या दिवशी वाईपर्यंतच्या रस्त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. हायवे तो हायवे. शिरवळच्या अलीकडे माझं मागचं चाक बसलं. ट्रकचे टायर फुटतात तेव्हा त्यांच्यातल्या पोलादी तारांचे केसाएवढे बारीक तुकडे रस्त्याच्या कडेला पडून राहतात, आणि आपण नेमके त्या कडेनेच जातो. ट्यूब बदलणं सोपं, तार सापडणं अवघड. टायरच्या आतून बोट फिरवत गेलो तर बोटालाच टोचली, पण दिसेना. शेवटी मेहुण्याने टायर उलटा करून उन्हात धरला. भुवईचा केस असावा तसं एक टोक चमकलं. नेलकटरच्या चिमटीत धरून ते ओढलं. ती तार मी जपून ठेवलीय, सीटखालच्या पिशवीत.

खंबाटकीच्या घाटातून फक्त पुण्याकडून साताऱ्याकडे जाणारी वाहनं चढत होती, उलटी येणारी बोगद्यातून. त्यामुळे समोरून कोणी अंगावर येत नाही. मात्र भरलेले ट्रक आपल्याच वेगाने रांगतात. एका ट्रकच्या पाठीवरचं लिंबू-मिरचीचं चित्र मी अर्धा घाट पाहिलं. सुरूर फाट्याला उजवीकडे वळून वाईच्या रस्त्याला लागलो तेव्हा कान मोकळे झाले. ढोल्या गणपतीला बाहेरूनच हात जोडले, कृष्णेच्या घाटावर पाय सोडून दोन केळी खाल्ली आणि शाहीर साबळ्यांच्या पसरणीकडे निघालो.

पसरणीचा घाट हा सायकलसाठी सज्जन घाट आहे. साधारण बारा किलोमीटरमध्ये सहाशेच्या आसपास मीटर, म्हणजे सरासरी पाच टक्के. मधेच अंगावर येणारी भिंत नाही. माझ्या सायकलला पुढे ३४ दात्यांची आणि मागे ३२ दात्यांची चकती आहे. मिनिटाला साठ वेळा पायडल फिरवलं की ताशी आठ किलोमीटर. एवढं साधं गणित एकदा मान्य केलं की मग घाई राहत नाही. खाली धोम धरणाचं पाणी आणि वाईची शेतं हळूहळू नकाशासारखी सपाट होत जातात. दीड तासात पाचगणी. मेहुणा तासाभरात पोचला होता आणि दुसरा चहा पीत होता. पुढचे महाबळेश्वरपर्यंतचे वीसेक किलोमीटर पठारावरचे, वरखाली. भिलारच्या फाट्यापाशी स्ट्रॉबेरी घेतली. पहिल्या तोडणीची होती, आंबट.

दुसरा दिवस मी विश्रांतीचा धरला होता. महाबळेश्वर १,३०० मीटरच्या वर आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या तळाला. चाळीसेक किलोमीटर नुसतं घरंगळत जायचं. घरी कागदावर तसं लिहिलंही होतं: ‘दिवस दुसरा, आराम.’

सकाळी सातला निघालो. थंडीने पहिल्या दोन किलोमीटरमध्येच बोटं बधिर झाली, आणि ब्रेक तर बोटांनीच दाबायचे. हातमोजे होते, पण बोटं उघडी ठेवणारे. झाडीतून रस्ता काळोखा, कुठे दव, कुठे पानांचा ओला थर. मी दोन्ही ब्रेक धरून, म्हणजे खरं सांगायचं तर मागचाच जास्त दाबून, ताशी वीसने चाललो होतो. लहानपणी सगळ्यांना शिकवलेलं असतं ना, पुढचा ब्रेक मारशील तर तोंडावर पडशील. ते अंगात इतकं मुरलंय की डोक्याने पटलं तरी हात ऐकत नाही.

तिसऱ्या की चौथ्या वळणानंतर मेहुणा थांबला. “दाजी, रिमला हात लावून बघा.”

लावला, आणि चटकन मागे घेतला. तर्जनीच्या टोकाला दुसऱ्या दिवशी फोड आला.

मी पेशाने इंजिनिअर, म्हणजे लाज जास्त वाटायला हवी. माणूस, सायकल आणि सामान मिळून नव्वद किलो वजन १,३०० मीटर खाली आणायचं तर जवळपास एक तृतीयांश युनिट ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. घरातला दोन किलोवॅटचा गीझर दहा मिनिटं चालवा, तेवढी. वेगात गेलं तर त्यातली बरीचशी वारा खातो. पण मी तर वाऱ्याला काही खाऊच देत नव्हतो. सगळी ऊर्जा ब्रेकच्या रबरातून रिममध्ये आणि रिममधून ट्यूबमध्ये. अशा तापलेल्या रिमवर उतारात ट्यूब फुटल्याची उदाहरणं आहेत.

“सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दाबा, चांगला जोरात, आणि सोडा. पुढचा वापरा. हँडलच्या खालच्या दांड्या धरा आणि बूड मागे सरकवा, पडणार नाही तुम्ही.” वयाने लहान माणसाकडून शिकताना जो चेहरा होतो, तो करून मी ऐकून घेतलं.

वाडा कुंभरोशीपाशी उतार जरा दम खातो. डावीकडे प्रतापगडाचा फाटा फुटतो. १० नोव्हेंबर १६५९ ला अफझलखानाला याच डोंगरात यावं लागलं होतं. एवढा लवाजमा, हत्ती, तोफा घेऊन माणसं इथून कशी आली असतील, हा प्रश्न शाळेत कधी पडला नव्हता. सायकलवरून पडला. इथला चहा गोड होता आणि बोटांना पेल्याची ऊब फारच गोड.

खरा आंबेनळी घाट या फाट्यानंतर. २०१८ च्या जुलैमध्ये इथेच सहलीची बस दरीत कोसळली होती. २०२१ च्या पावसाने तर रस्त्याचे लचकेच तोडले. नव्या भिंती, नवा डांबराचा पट्टा, मग अचानक खडी, असा तो रस्ता कुठे काय झालं ते दाखवत जातो. वळणं इतकी आवळलेली की एसटीला पूर्ण रस्ता लागतो. आम्हाला दोन भेटल्या. हॉर्न ऐकू आला की आम्ही आतल्या कडेला, डोंगराला खांदा लावून उभे. एका चालकाने जाताना हात वर केला. ते मला फार बरं वाटलं.

शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये जमू लागलं. डोळे चाकापुढे न ठेवता वळणाच्या पलीकडे ठेवायचे, मग सायकल तिकडे जाते. नेमकी तेव्हाच हवा बदलली. थंडी कुठे संपली कळलं नाही, एकदम दमट, वाळलेल्या भाताच्या पेंढ्याचा वास. पोलादपूरला जाकीट काढलं तर आतला टीशर्ट पिळण्यासारखा. पुढचा चौपदरी रस्ता ओलांडून महाडला बारा वाजता पोचलो. दुपारी चवदार तळ्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी भाकरी आणि ती न वळणारी बोटं.

तिसऱ्या दिवशी वरंधा. कालचं सगळं उतरलेलं आज व्याजासकट नाही, पण निम्मं तरी परत चढायचं. बिरवाडी, मग वरंध गाव, डावीकडे शिवथरघळीचा फाटा, आणि माझेरीनंतर रस्ता कातळात शिरतो. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट बंदच करतात. डिसेंबरातही खाली सांडलेले दगड होतेच. पण मला तो आवडला. चढताना रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा वेगळा भेटतो, नाव ठेवता येईल इतका वेळ देतो.

वाघजाई देवीच्या देवळाजवळ टपऱ्या आहेत. भज्यांचा घाणा चालू होता. सायकल कठड्याला टेकवताना घसरली, मग दुसऱ्यांदा टेकवली, तर भजी तळणाऱ्या आजी म्हणाल्या, “आरं, स्टँड न्हाई व्हय हिला?”

“नाही आजी. वजन वाढतं.”

“केवढ्याची हाय?”

मेहुण्याने खरी किंमत सांगितली. सांगायला नको होती. आजींनी झारा बाजूला ठेवला, सायकलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “यवढं पैसं घेतलं आन् स्टँडबी दिला न्हाई,” असं म्हणून त्यांनी आम्हाला चार भजी जास्त वाढली. फसवलेल्या गिऱ्हाइकाला देतात तशी. तेवढ्यात एका माकडाने माझ्या पाठीच्या खिशातली चिक्की काढून नेली आणि कठड्यावर बसून कागद नीट सोलून खाल्ली. माझ्यापेक्षा त्याची बोटं बरी चालत होती.

खिंड ओलांडली की देश. नीरा-देवघर धरणाच्या पाण्याला धरून रस्ता भोरपर्यंत वरखाली होत जातो, गर्दी नाही, वारा पाठीमागून. या पट्ट्यात आम्ही फारसं बोललो नाही. भोरला जेवलो, कापूरहोळला परत हायवे, आणि अंधार पडताना घर.

रविवारी सायकल धुतली. मागच्या रिमवरून काळं पाणी कितीतरी वेळ येत राहिलं. मागच्या ब्रेकच्या रबरावरच्या खाचा पार गेल्यात, धातू जेमतेम झाकलेला आहे. पुढच्या जोडीच्या खाचा अगदी नव्यासारख्या. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.